दस्तगीरची भट्टी आणि तुझं 'तत्त्वतः'

सदा,

परवा सांगलीला विश्रामबागेत तुझी शोकसभा झाली. कॉलेजचा हॉल गच्च भरला होता. एकेक माणूस उठून सांगत होता, सरांना कसलाही साधा प्रश्न विचारा, ते मुळापासून समजावून सांगायचे. बायाबापड्या डोळे पुसत होत्या. मी मागच्या रांगेत बसून दातओठ खात होतो. मनात म्हणत होतो, बाबांनो, तुम्ही घंटा झाली की सुटत होता. मी सुटलो नाही.

मलाही बोलायला सांगितलं. "सदा माझा मित्र होता," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, सरपंचांना रडू आलं. रडू कसलं येतंय! राग आला होता. वादात मला असं अर्ध्यावर टाकून निघून जायची तुझी ही कसली रीत? आता गावाकडं परत आलोय, तरी राग उतरलेला नाही. म्हणून लिहायला बसलोय. तू मध्येच "थांब बापू, तसं नाही ते," म्हणणार नाहीस, एवढाच काय तो फायदा.

आपण एका गावचे, फलटणच्या हायस्कुलात एका बाकावरचे. पुढं मी फौजेत गेलो आणि तू पदार्थविज्ञान घेऊन बसलास. मला सवय लागली हुकमाची. विचारलं की जबाब यायचा, हो किंवा नाही. तुझ्याकडं या दोन्ही शब्दांचा कायमचा दुष्काळ. सुट्टीवर आलो की तुला विचारायचो, "काय रं, औंदा पाऊस हाय का?" तू म्हणायचास, "बापू, हा प्रश्न अर्धा हाय. कुठं, कवा आणि किती, ते बी सांग." अरे, ते मला ठाऊक असतं तर तुला कशाला विचारलं असतं!

कराडच्या स्टँडवर तर तुझ्यापायी आपली दहिवडीची गाडी गेली होती. चूक माझीच म्हण. चहा पिताना सहज बोलून गेलो की महाबळेश्वर इथून काही फार लांब नाही, तिथं धो धो कोसळतं आणि आपल्या माणदेशात धुरळा उडतो, हा कुठला न्याय? झालं. तू हॉटेलवाल्याची किटली पुढं ओढलीस आणि बशी तिच्या वाफेवर धरलीस.

"ही बशी म्हंजी वरची गार हवा. समुद्रावरनं आलेला वारा घाटाला आडला, की त्याला वर चढावं लागतं. वर गेला की त्यो पसरतो, पसरला की गार हुतो. गार हवेत वाफ मावत न्हाई. बघ, पानी सुटलं."

बशीवर थेंब जमले होते खरे. मी म्हणालो, "बरं. कळलं. चल आता, गाडी लागली."

"थांब की. अर्धंच झालं. त्योच वारा घाट उतरून आपल्याकडं येतो. खाली येताना दाबला जातो, दाबला की तापतो. सायकलला हवा भरताना पंप गरम हुतो का न्हाई? तापलेल्या हवेत वाफ जास्त मावते. मग उरलासुरला ढग बी विरायला लागतो. आपल्या गावात येतो त्यो सगळा घाम गाळून आलेला कोरडा वारा."

"म्हंजी शिव्या कुणाला घालायच्या? सह्याद्रीला?"

"सह्याद्री नसता तर कृष्णा बी नसती, कोयना बी नसती. मग तू काय प्याला असतास?"

गाडी गेली. दुसरी संध्याकाळी होती. तुला त्याचं काहीच नव्हतं. तू हॉटेलवाल्याला वाफेचं समजावत बसलास आणि मी सामानावर बसून राहिलो.

हे सगळं मी चालवून घेतलं. पण दस्तगीरच्या भट्टीचं मला आजही चालवून घेता येत नाही.

तू म्हणायचास, "ती गोष्ट तू नेहमी तुझ्या बाजूनं सांगतोस." आज पुन्हा माझ्याच बाजूनं सांगणार.

बहात्तरचा दुष्काळ होऊन फार दिवस झाले नव्हते. माणसं भाजलेली होती. मी फौजेतनं येऊन सरपंच झालो होतो, आणि त्या वर्षी पुन्हा मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. पश्चिमेकडनं ढग यायचे, काळेभोर, आता कोसळतील असे, आणि गावावरनं सरळ पूर्वेला निघून जायचे. रोज. माणसं माना वर करून बघायची आणि एकमेकांवर खेकसायची.

ओढ्याकडच्या माळावर दस्तगीरची वीटभट्टी होती. एरवी पावसाच्या आधी तो भट्टी बंद करतो, कारण कच्च्या विटा भिजल्या की त्यांचा पुन्हा चिखल होतो. त्या वर्षी पाऊसच नव्हता, म्हणून त्यानं आणखी एक भट्टी लावली. दस्तगीर आणि त्याची बायको हलिमा, दोघांच्या पोटापाण्याचं तेवढंच साधन. पण गावाला दिसलं ते असं: सगळ्यांची शेतं करपतायत आणि एकट्या दस्तगीरचा धंदा चाललाय. पाऊस नसला की त्याचा फायदा. मग कुणीतरी म्हणालं, धुरानं ढग पळतात. दुसऱ्या कुणी त्यात भर घातली, दस्तगीर भट्टीत मीठ टाकतो, त्यानं ढग फुटतात. आठवड्याच्या आत ती गोष्ट गावभर खरी झाली. भट्टी मोडायची आणि दस्तगीरला गावाबाहेर काढायचं, इथवर बोलणी आली. आघाडीवर होते नामदेवअण्णा. वाईट माणूस नव्हे. साऱ्या गावाला पंगतीला वाढणारा माणूस, पण बाजरीची दुबार पेरणी जळालेली. त्यात तो दस्तगीर मुसलमान, गावात त्यांची दोनच घरं. मला पुढच्या अनर्थाची भीती वाटत होती. असली आग एकदा लागली की भट्टीपुरती राहत नाही, हे मी फौजेत असताना दुसऱ्या मुलखात बघितलं होतं.

ग्रामसभा ठरली, आणि मी सांगलीला तुझ्याकडं आलो. सुमनवहिनी भाकऱ्या करत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तुला बजावलं, "सदा, गाव तुला मानतं. तू यायचं आणि एकच वाक्य बोलायचं. भट्टीच्या धुरानं पाऊस जात नाही. बास. त्याच्या पुढं तोंड उघडायचं नाही."

तू म्हणालास, "बरं."

वहिनी तव्यावरनं मान न वळवता म्हणाल्या, "भावजी, एक वाक्य? ह्यांना?" माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

चावडीपुढं सगळं गाव जमलं. दस्तगीर आणि हलिमा एका कडेला उभे. तू उठलास आणि बोललास, आणि काय बोललास गड्या! मी सुद्धा ऐकत राहिलो. समोरून येणारा ढग आपल्या गावाहून मोठा असतो, म्हणालास. तो समुद्रावरनं शेकडो मैल येतो. त्यात इतकं पाणी असतं की आपला तलाव भरून ओढा वाहील. तो हलतो तो अख्ख्या देशावरच्या वाऱ्यानं. त्या वाऱ्यापुढं दस्तगीरची भट्टी म्हणजे म्हसवडच्या जत्रेत कुणीतरी ओढलेली एक विडी. विडीच्या धुरानं जत्रा उठते का?

लोक हसले, सदा. हसले! मी अण्णांकडं बघितलं, त्यांच्या सुद्धा मिशीत हालचाल झाली. काम झालं होतं. मी तुला खूण केली, खाली बस.

तेवढ्यात अण्णा उठले. "सर, एक इचारतो. तिकडं सरकार इमानातनं ढगात मीठ फवारतंय म्हनत्यात. खरं का वं?"

"खरं आहे."

"त्यानं पाऊस येतो?"

"येऊ शकतो. प्रयोग चालू आहेत. अजून नक्की सांगता येत नाही."

"म्हंजी मिठानं ढगाला कायतरी हुतंय."

"होतं."

"मग धुरानं बी हुईल की."

इथं तू 'नाही' म्हणायचं होतंस. दोन अक्षरी शब्द, बोबड्या पोराला सुद्धा येतो तो. तू काय केलंस? तू विचारात पडलास. सगळ्या गावासमोर, हनुवटीला हात लावून. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारत होतो. मग तू म्हणालास, "प्रश्न चांगला आहे. बघा, वाफेचा थेंब व्हायला त्याला धरून बसायला काहीतरी लागतं. धुळीचा, मिठाचा, धुराचा बारीक कण. असले लाखो बारके थेंब एकत्र आले की पावसाचा एक थेंब होतो. पण कण फारच झाले तर पाणी तेवढंच आणि वाटेकरी जास्त, मग थेंब बारीक राहतात आणि खाली पडत नाहीत. त्यामुळं तत्त्वतः धुराचा परिणाम..."

तत्त्वतः! सदा, माणदेशात त्या आधी हा शब्द कुणी ऐकला नव्हता. पुढचं कुणी ऐकलं नाही. "सरच म्हनत्यात!" असा एकच गिल्ला झाला. तू ओरडून सांगत होतास की एवढ्याशा भट्टीनं तसं होणार नाही, त्याला अफाट धूर लागेल. कुणाच्या कानात शिरतंय ते! पोरं माळाकडं निघायला लागली, दोघांच्या हातात पहारी होत्या. मी आडवा उभा राहिलो.

मग दस्तगीर पुढं आला. आवाज न चढवता म्हणाला, "सरपंच, पोरास्नी थांबवा. भट्टी म्या इझिवतो. माज्या हातानं. पर घर सोडनार न्हाई. माजा बा हितंच पुरलाय."

त्यानं खरंच विझवली. अर्ध्या कच्च्या विटांची अख्खी भट्टी वाया गेली. हलिमा तिथंच उभी राहून बघत होती. तू तिच्याकडं गेलास, काहीतरी बोलायला. ती म्हणाली, "सर, तुमचं शास्त्र खरं आसंल. पर आमच्या इटा गेल्या की त्यात."

 

आता पुढचं. भट्टी गार पडली आणि ढग आपले तसेच येत राहिले, तसेच जात राहिले. एक आठवडा, दुसरा, तिसरा. पाऊस नाही! मला आनंद झाला, माझं शेत जळत असून आनंद झाला. धावत सांगलीला आलो. म्हणालो, "सदा, चल. आता बोल. धूर नाही तरी पाऊस नाही. दाखव त्यांना."

तू चष्मा पुसत म्हणालास, "एका भट्टीवरनं आणि एका पावसाळ्यावरनं काहीच सिद्ध होत नाही, बापू."

मी घरातनं चहा न घेता उठून गेलो. आठवतंय? वहिनी फाटकापर्यंत आल्या मागनं. आपल्या बाजूचा पुरावा आयता चालत आलाय आणि हा बाबा त्याला दारातनं हाकलून देतोय! माझ्या मागनं तू ओरडलास, "आणि उद्या पडला तर? तर काय म्हणशील?"

आणि पडला. मघा नक्षत्रात असा पडला की ओढ्याला पूर आला. भट्टी बंद, आणि पाऊस. गाव म्हणालं, बघा, धूर निवळायला एवढे दिवस लागले. मी जर तुझं न ऐकता चावडीवर पुरावा मांडला असता, तर आता त्याच पुराव्यानं दस्तगीरचं घर गेलं असतं. तू नंतर भेटलास तेव्हा "सांगितलं नव्हतं?" असं एकदा तरी म्हणायचं होतंस. मला भांडता तरी आलं असतं. तू विचारलंस, "किती पडला?"

पण तू गप्प बसणारा नव्हतास. पुढच्या पावसाळ्यात न बोलावता आलास आणि सरळ अण्णांच्या ओसरीवर जाऊन बसलास. मला नंतर कळलं. म्हणालास, अण्णा, तुमचा संशय तुम्हीच तपासा. रोज सकाळी नाणं उडवायचं. छापा पडला तर ओला पाचोळा पेटवून त्यात मीठ टाकायचं, काटा पडला तर काही करायचं नाही. आणि चावडीच्या माळवदावर डबा ठेवून पाऊस मोजायचा. नाणं अशासाठी की आपल्या मनात असेल त्या दिवशी आपण धूर करणार नाही, नशिबावर सोडायचं. विमानवाले सुद्धा असंच ठरवतात म्हणे, कुठल्या दिवशी मीठ फवारायचं ते. मला वाटलं, अण्णा तुला काठी घेऊन हाकलतील. अण्णा तयार झाले! मी कारण विचारलं तर म्हणाले, "सरपंच, तुमी भट्टीवाल्याच्या बाजूनं बोलनार हे म्हाईतच हुतं. सर भर सभेत माज्या बाजूनं बी बोललं. त्यो मानूस मला फसवायचा न्हाई."

अरे, मग हे त्या दिवशी चावडीवर का नाही सुचलं कुणाला!

हलिमा मात्र ठाम होती. "आमच्या दारात पुन्यांदा न्हाई. जाळायचंच आसंल तर अण्णांच्या मळ्यात जाळा." मला तिचं पटलं. अण्णा आधी गुरगुरले, मग तयार झाले. तुझी अट अशी की डब्यातलं पाणी अण्णा आणि दस्तगीर दोघांनी मिळून बघायचं, म्हणजे लबाडी नको. असा तो सगळा पावसाळा माझ्या गावात एक म्हातारा रोज सकाळी नाणं उडवत होता, आणि ज्याच्यावर मीठ टाकल्याचा आळ, तोच अण्णांच्या हुकमानं अण्णांच्याच मळ्यात मूठभर मीठ टाकत होता. शेजारच्या गावचे लोक बघायला यायचे. मला तोंड लपवायला जागा नव्हती. चावडीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा: धुराचे दिवस इकडं, बिनधुराचे तिकडं, आणि पाऊस पडला त्या रेघेवर आडवी काट.

दिवाळीच्या आधी तू गावाला निकाल सांगायला उभा राहिलास. दोन्हीकडं काट मारलेल्या रेघा जवळजवळ सारख्या होत्या. आंधळ्याला दिसलं असतं. मी हात जोडले तुझ्यापुढं, सदा, प्रत्यक्ष हात जोडले. आणि तू म्हणालास, "धुराचा काही संबंध दिसत नाही. पण आपला धूर भट्टीएवढा नव्हता, आणि खात्रीनं सांगायचं तर अजून बरीच वर्षं हे करावं लागेल."

मग अण्णाच उठले आणि धोतर झटकत म्हणाले, "बरीच वर्सं? आवं सर, मला दुसरी कामं हायती." आणि दस्तगीरला म्हणाले, "पेटीव रं तुजी भट्टी."

गाव हसलं आणि घरी गेलं. तुझ्या शास्त्रानं भट्टी पेटली की अण्णांच्या कंटाळ्यानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं खरं की रोज डब्यात डोकं घालून त्या दोघांचं बोलणं सुरू झालं होतं. अण्णांनी पुढं घराला विटा घेतल्या त्या दस्तगीरच्याच. पण विझलेल्या भट्टीतल्या विटा काही परत आल्या नाहीत, आणि हलिमानं ते कधी विसरल्यासारखं दाखवलं नाही. तुझ्यापुढं चहा ठेवायची, गोड हसायची, आणि विटांचा विषय काढायची. तू दर वेळी मान खाली घालून ऐकून घ्यायचास. मला तेव्हा तुझी दया यायची आणि बरंही वाटायचं.

आपलं शेवटचं भांडण गेल्या थंडीतलं. तुझ्या अंगणात उन्हाला बसलो होतो. मी सहज म्हणालो, चला, एक गोष्ट निकालात निघाली, धुरानं हवामान बदलत नाही. तू पाय वर घेऊन बसलास, तेव्हाच मी ओळखलं.

"एका भट्टीनं नाही बदलत, बापू. पण जगातल्या सगळ्या भट्ट्या, सगळे कारखाने, मोटारी, आगगाड्या एकत्र धर. कोळसा जाळला की नुसती काजळी होत नाही, एक वायू होतो. तो दिसत नाही. ऊन आत येऊ देतो आणि जमिनीची ऊब बाहेर जायला अडवतो, घोंगड्यासारखा. काजळी आणि धूळ उलट ऊन अडवते, गारवा करते. म्हणून कुणी शास्त्रज्ञ म्हणतात पृथ्वी गार होईल, कुणी म्हणतात तापेल."

"एक काहीतरी ठरवा की लेको!"

"मला वाटतं तापेल. धूळ पावसानं धुऊन जाते, तो वायू साठत राहतो. आपल्या हयातीत कळेल की नाही, सांगता येत नाही. आणि तापली तर पाऊस सुद्धा होता तसा राहायचा नाही."

मी उठून उभाच राहिलो. "म्हंजी नामदेवअण्णा बरोबरच हुते की काय?"

तू इतका हसलास की तुला ठसका लागला. "तत्त्वतः..." म्हणालास.

"हे गावात येऊन बोललास तर तंगडं मोडीन तुझं," मी म्हणालो. निघालो. फाटकातनं तू विचारलंस, पुन्हा कधी येणार. मी म्हणालो, तू सरळ बोलायला शिकलास की. हे आपलं शेवटचं बोलणं. मग तू गेल्याची तार आली, आणि मी पोचेपर्यंत कृष्णेच्या घाटावर सगळं आटोपलं होतं. तिथं सुद्धा थांबला नाहीस.

दस्तगीर आणि हलिमा माझ्या आधी पोचले होते. हलिमा वहिनींना धरून बसली होती. विटांबद्दल बोलली नाही.

काल दस्तगीर घरी आला. भट्टी रचून तयार होती, पेटवायचा दिवस ठरलेला. "सर गेल्यात. पेटवू का ऱ्हाऊ दे, सरपंच?" मी म्हणालो, पेटव. आज पहाटे मी माळावर गेलो. अण्णाही आले, काठी टेकत. हवा गार होती, वारा अजिबात नव्हता. दस्तगीरनं आग लावली आणि धूर सरळ काठीसारखा वर चढला. थोडा वर गेला, आणि तिथं एकदम थांबला. जणू वर कुणी छत घातलंय. तिथून तो चहूकडं आडवा पसरत गेला, गावावर, ओढ्यावर, एका पातळीत. कितीतरी वेळ तसाच.

अण्णा मान वर करून बघत होते. म्हणाले, "सरपंच, धूर वर का जाईना वं? असा आडवा का पसरला?"

मी म्हणालो, "म्हाईत न्हाई, अण्णा."

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं.

सदा, का पसरतो रं तो असा? सांग की गड्या. मला आज कुठलीच गाडी गाठायची नाही.